पायमोज्यांचं प्रकरण

ज्या दिवशी मंडळाच्या बाई आमचं घर तपासायला येणार होत्या, त्या दिवशी मी तीनदा शर्ट बदलला. पहिला फार ऑफिसचा वाटला, दुसरा फार घरचा, आणि तिसऱ्याचं पोटावरचं बटण तुटलेलं आहे हे बाई दारात उभ्या राहिल्यावर कळलं. त्यामुळे पुढची सगळी मुलाखत मी पोटावर हात ठेवून दिली. बाईंना वाटलं माझं पोट दुखतंय. त्यांनी तसं लिहूनही घेतलं.

मी काही नोकरी मागत नव्हतो की कर्ज मागत नव्हतो. कोंबड्या मागत होतो. पण बाजारात पाय बांधून उलट्या टांगलेल्या असतात त्या कोंबड्या नव्हेत. पायमोजी नावाची एक जुनी जात आहे. हिच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात, त्यामुळे मोजे घातल्यासारखी दिसते, आणि चोचीखाली छोटीशी दाढी असते. पूर्वी घरोघरी असायच्या म्हणे. आता शुद्ध पायमोज्या इतक्या थोड्या उरल्या आहेत की त्यांच्यासाठी एक संवर्धन मंडळ आहे, मंडळाला घटना आहे, घटनेत दुरुस्त्या आहेत, आणि मंडळ कोंबडी विकत नाही. मंडळ कोंबडी 'सांभाळायला देतं'. घेणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, पालक म्हणायचं.

हे सगळं कशासाठी, तर बाबांसाठी.

झालं होतं असं, की एका संध्याकाळी जेवता जेवता बाबा म्हणाले, "गावाबाहेर ते ज्येष्ठ निवास झालंय ना, तिथे मी नाव घातलंय." आणि त्यांनी मीठ मागितलं. आमच्या घराण्यात महत्त्वाचं असं कोणी कोणाला विचारत नाही. पाऊस पडेल का, गॅस संपला का, एवढंच विचारतो. "का हो बाबा? का जाताय?" असं मी विचारायला हवं होतं. मी मीठ दिलं. बायकोने पाणी दिलं. बाबांनी दोन्हीबद्दल मान हलवली आणि विषय संपला.

नंतर हात धुताना ते आपणहून एवढंच म्हणाले, "इथे मला काम काय आहे?"

बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. तिथे त्यांच्या सहीवाचून कागद हलत नसे. घरी त्यांच्यासमोर हलणारी एकच गोष्ट म्हणजे पंखा. मी विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे दिवसभर लोकांना नाही म्हणतो. पण बाबांना "नाही, जाऊ नका" हे तीन शब्द माझ्याच्याने म्हणवले नाहीत. ज्येष्ठ निवासात सध्या खोली नव्हती. रिकामी झाली की फोन करू, असं तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या. खोली कधी आणि कशी रिकामी होते हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही खोलात गेलो नाही. बाबांनी बॅग भरून दारामागे उभी करून ठेवली. तेव्हापासून घरातला फोन वाजला की मी सगळ्यांच्या आधी धावायचो. मी फोनपाशी बसायचो, उठायचो, रिसीव्हर नीट ठेवलाय ना बघायचो, मग तो नीट ठेवलेला आहे म्हणून आणखी घाबरायचो.

आता पायमोज्या. बाबा लहानपणच्या ज्या थोड्या गोष्टी सांगत, त्यात या कोंबड्या हटकून यायच्या. "आमच्या आईकडे पायमोज्या होत्या. पाऊस पडला की त्यांच्या पायांकडे बघवत नसे." एवढं बोलून ते लांब श्वास सोडत आणि खिडकीबाहेर बघत. मी म्हटलं, माणसाचा जीव अडकलाय कशात तर यात. पायमोज्या आणल्या, तर बाबा राहतील. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं बायको म्हणाली. पण म्हणाली हळू, आणि लगेच मंडळाचा पत्ता शोधायलाही तीच लागली.

तर मंडळाच्या बाई. उंच, करड्या केसांच्या, पर्समध्ये मेजरिंग टेप. आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मागे फरशीचा एक तुकडा आहे, त्याला बिल्डर अंगण म्हणाला होता. बाईंनी तो मापला, ऊन कुठून येतं ते पाहिलं, वास घेतला. मग माझ्यासमोर बसल्या.

"स्वभाव कसा आहे?"

"शांत असतात म्हणे त्या."

"तुमचा विचारतेय."

"शांत," मी म्हणालो.

"तुम्ही मघापासून चार वेळा उठलात. फोनकडे जाऊन परत आलात."

मी बसलो. पोटावरचा हात काढला, बटण आठवलं, परत ठेवला. बाईंनी परत काहीतरी लिहिलं.

"एक विनंती होती," मी म्हणालो. "नुसत्या कोंबड्या नाही का मिळणार? कोंबडा नको होता. आवाज फार..."

बाईंनी पेन बंद केलं. "अहो, मग वंश कसा चालेल? नुसत्या कोंबड्या नेणारे अंड्यांवर डोळा ठेवून येतात. आम्ही पालक शोधतोय."

दोन कोंबड्या आणि एक कोंबडा. घ्यायचं तर तिघं, नाहीतर नाही. मी सही केली. पालक म्हणून माझं नाव लागलं, याला पुढे फार महत्त्व येणार होतं, पण तेव्हा मला वाटलं होतं सगळ्यात अवघड भाग संपला.

खुराडं करायला सुतार बोलावला. सुतार गुणी होता, पण गेली कित्येक वर्षं त्याने स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांशिवाय काही केलेलं नव्हतं. त्याने खुराडंही तसंच केलं. गुळगुळीत चकचकीत सनमायका, सरकती दारं, आणि अंडी काढायला खाली ड्रॉवर. "हळू बंद होतो, बघा," असं म्हणून त्याने ड्रॉवर ढकलला, आणि तो खरोखरच आपल्या आपण, काहीही आवाज न करता बंद झाला. असा ड्रॉवर माझ्या स्वतःच्या कपाटाला नाही. बघायला सगळी बिल्डिंग येऊन गेली.

वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. सल्ला देणं हा त्यांचा छंद आणि तो पाळला जाणं हा त्यांचा हट्ट. त्यांनी सांगितलं, पक्ष्यांना नव्या जागी एकटं वाटतं, आरसा लावा. बाजूचे म्हणाले, रेडिओ लावा. त्यांच्या पाहुण्या म्हणाल्या, लसूण द्या. कोणी विचारलं, कोंबडी पाळायची तर आधी कोंबडीशी बोलायला शिकलात का? मी रात्रीचा उजळणी करू लागलो, तेव्हा बायकोने उशी घेऊन बाहेरची खोली गाठली.

पायमोज्या आल्या त्या दिवशी बाबा डोळे तपासायला गेले होते. तिघांना मी खुराड्यात सोडलं आणि तिघंही उतारावर सोडल्यासारखे घसरत थेट खालच्या उघड्या ड्रॉवरमध्ये गेले. सनमायक्यावर त्यांचे पिसांचे पाय ठरेनात. ड्रॉवर मात्र हळू बंद झाला. आतून जो गलका झाला तो मंडळाच्या बाईंनी ऐकला असता तर माझं पालकत्व तिथल्या तिथे गेलं असतं. शेवटी तिघांना उचलून, दुसरी बंद जागा नाही म्हणून, बाथरूममध्ये ठेवलं. फक्त आजच्यापुरतं, असं बायकोला सांगितलं. हे वाक्य बोलणारा माणूस जगात कुठेही कधी खरा ठरलेला नाही.

बाबा आले. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे डोळे आधीच पाणावलेले होते. मला तेवढंही पुरलं. मी त्यांचा हात धरून बाथरूमपाशी नेलं आणि दार उघडलं. उलट्या बादलीवर कोंबडा, खाली दोघी. सगळे पायांत मोजे घालून.

बाबांनी वाकून त्यांच्या पायांकडे बघितलं.

"पायमोज्या," मी म्हणालो. "तुमच्यासाठी आणल्यात."

"यांचे पाय धुवावे लागतात," बाबा म्हणाले. "माहीत आहे ना?"

"म्हणजे?"

"पिसांत चिखल, घाण सगळं अडकतं. रोज धरून, कोमट पाण्यात, एकेक बोट. ते काम आईने माझ्या गळ्यात घातलं होतं. शाळेत पोरं माझा वास घेऊन लांब बसायची." त्यांनी डोळे पुसले. "मला आयुष्यात कुठल्या जनावराचा राग आला असेल तर यांचा."

"पण तुम्ही इतक्या आठवणी सांगता यांच्या."

"आठवणी?" बाबा म्हणाले. "अरे, मी तक्रार करत होतो."

असं म्हणून ते आपल्या खोलीत गेले. बायको माझ्याकडे बघत होती. मी कोंबड्याकडे बघत होतो. कोंबडा आरशात बघत होता, कारण बाथरूममध्ये आरसा होता, आणि सेक्रेटरींच्या सल्ल्याचा परिणाम आता दिसू लागला होता. त्याने आरशातल्या कोंबड्यावर झेप घेतली. माझी दाढीची सगळी सामग्री खाली आली.

परत द्यायचं मनात आलं, पण मंडळाच्या घटनेप्रमाणे पक्षी परत देणाऱ्याची चौकशी समितीपुढे होते. शिवाय कोंबडं परत करणारा माणूस म्हणून बिल्डिंगमध्ये वावरायचं, ही कल्पना मला सोसवेना. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून आमचं नवं आयुष्य सुरू झालं. कोंबड्याला आम्ही साहेब म्हणू लागलो, कारण तो उंचावर उभा राहून सगळ्यांकडे बघे, काम काही करत नसे आणि मध्येच ओरडे. अंघोळ मला त्याच्यासमोरच करावी लागे. ऑफिसात साहेबांसमोर उभं राहताना निदान अंगावर कपडे असतात.

तरी ते चाललं असतं. पण साहेबांना पहाटेशी काही देणंघेणं नव्हतं. ते आरवायचे कुकरच्या शिटीला. शिटी झाली की मान ताणून उत्तर. आमचं बाथरूम ज्या मोकळ्या बोळकांडीत उघडतं, तीत सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरंही उघडतात. म्हणजे आवाज खालून सुटला की थेट वरच्या मजल्यापर्यंत, रस्त्यात कुठेही न थांबता. सकाळी आठ ते दहा बिल्डिंगमध्ये घरोघरी कुकर लागतात. साहेब कोणाचीही शिटी वाया जाऊ देत नसत. बायकोने आमच्या घरी कुकर बंद करून उघड्या पातेल्यात शिजवायला सुरुवात केली, त्याने फरक एवढाच पडला की आम्हाला जेवायला उशीर होऊ लागला.

सेक्रेटरी खाली आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आवाजाचं एक वेळ सोडा," ते म्हणाले. "पण आमच्याकडे शिट्या मोजता येईनात. एक झाली की हा ओरडतो, मग आमच्यात वाद की ही दुसरी का तिसरी. काल सगळं कच्चं राहिलं, आज सगळं लगदा झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचं जेवणावरून कधी भांडण नव्हतं."

"मी काय करू शकतो?"

"मी सांगितलं होतं आरसा लावा."

"लावलेलाच होता."

"मग आता मला तक्रार करावी लागेल," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. जाताना ते साहेबांना थोडे दाणे घालून गेले.

इकडे बाबा बॅगेकडे बघत बसायचे आणि मी फोनकडे. एवढं मात्र खरं की कोंबड्यांचे पाय ते धूत होते. मी पहिल्या दिवशी धरायला गेलो तर धाकटी कोंबडी हातातून सुटून कपड्यांच्या टबात पडली. "सोड, तुला नाही यायचं," असं म्हणून बाबा स्वतः पाटावर बसले, आणि आयुष्यातलं सगळ्यात नावडतं काम, तोंडाने सारखं त्यांना शिव्या घालत, एकेक बोट करून पार पाडू लागले. मला हे बघून बरं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं. मी त्यांना आनंद द्यायला गेलो होतो आणि सत्तरी उलटलेल्या माणसाला परत त्याच पाटावर नेऊन बसवलं होतं.

मग नगरपालिकेची नोटीस आली.

नगरपालिकेकडे कोंबड्यांसाठी छापील नमुना नव्हता. गुरांचा होता. त्यामुळे 'आपण विनापरवाना गुरे बाळगली आहेत' यातलं 'गुरे' खोडून वर पेनाने 'कोंबडी वगैरे' असं लिहिलेलं होतं. खाली गोठा, शेण आणि चाऱ्याची व्यवस्था यांचा खुलासा मागितला होता, तोही सात दिवसांच्या आत. कचेरी या प्रकाराला मी घाबरतो. ऑफिसात मी स्वतः कचेरी असतो म्हणून निभावतं.

"बघू," बाबा म्हणाले.

ते उभ्या उभ्या वाचू लागले. मग चष्मा लावला. मग बसले. मग कागद उलटा केला, उजेडात धरला, पुन्हा सुलटा केला.

"याला जावक क्रमांक नाही," बाबा म्हणाले.

"बरं."

"बरं काय? कलम लिहिलंय, पोटकलम नाही. 'वगैरे' हा शब्द नोटिशीत येऊ शकतो का? कोंबडी वगैरे म्हणजे काय? वगैरेचा खुलासा आपण कसा करायचा?" त्यांचा आवाज चढला. असा आवाज मी त्यांच्या निवृत्तीनंतर ऐकलेला नव्हता. "कोणी लिहिलंय हे?"

ते उठले, दारामागून बॅग ओढली आणि उघडली. कपड्यांच्या खालून त्यांनी पंचिंग मशीन काढलं. मग हिरव्या दोऱ्याचे टॅग, टाचण्यांची डबी, पट्टी आणि कोऱ्या कागदांचं बंडल.

"बाबा, हे तिकडे कशाला नेत होता?"

"तिकडेही माणसंच आहेत," बाबा म्हणाले. "कोणाला तरी कधीतरी फाइल लागली असती."

मी तिथून उठून बाथरूममध्ये गेलो आणि साहेबांसमोर थोडा वेळ उभा राहिलो.

त्या दिवसापासून घर बदललं. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत जाऊ लागले. कोंबडी गुरांत मोडते का, याचा खुलासा त्यांनी उलट नगरपालिकेकडेच मागितला. खुलासा आला, त्यातल्या चुका दाखवणारं पत्र गेलं. जेवताना ते आता मीठ मागत नसत, बोलत असत. आवक-जावक खिडकीवरचा माणूस बरा आहे, पण कागद उलटे ठेवतो. आरोग्य विभागाला वाटतं हे बांधकामचं आहे, बांधकामला वाटतं आरोग्यचं. हे सांगताना त्यांचा चेहरा नातवंडांचं कौतुक सांगावं तसा व्हायचा.

निरीक्षक पाहणीला आले. भला माणूस, हातात तोच गुरांचा नमुना.

"गोठा कुठे आहे?"

मी बाथरूमचं दार उघडलं. साहेब बादलीवर होते. निरीक्षकांनी 'पक्कं बांधकाम, फरशी, नळ' असं लिहिलं.

"दूध किती?"

"अहो, कोंबड्या आहेत," मी म्हणालो.

"रकाना आहे ना." ते अडले. पेन हवेत राहिलं. "रिकामा सोडतो."

"छे छे," बाबा पुढे झाले. "रकाना कधी रिकामा सोडू नका. उद्या कोणी त्यात काहीही भरेल. लिहा, लागू नाही."

निरीक्षकांनी लिहिलं. मग शिंगांच्या रकान्यात त्यांनी न विचारता तेच लिहिलं. बाबांनी मान डोलावली. चहा घेऊन निरीक्षक गेले, तेव्हा बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले होते.

अशातच एक दिवस फोन वाजला. मी धावलो, टेबलाला गुडघा आपटला, तरी बाबा आधी पोचले. व्यवस्थापक बाई होत्या. खोली रिकामी झाली होती.

"या महिन्यात जमणार नाही," बाबा फोनवर म्हणाले. "सुनावणी लागलीय. पुढच्या माणसाला द्या. माझं नाव राहू दे."

नाव राहू दे, हे शब्द मला टोचले. पण बाबा राहिले होते. मी त्या दिवशी साहेबांना मूठभर जास्त दाणे घातले.

सुनावणीला तक्रारदार सेक्रेटरी आणि बाबा एकाच रिक्षाने गेले. दोघांनाही एकाच ठिकाणी जायचं होतं आणि सेक्रेटरींना कचेरीतलं काही कळत नव्हतं. त्यांच्या अर्जातल्या दोन चुकाही बाबांनी रिक्षात दुरुस्त करून दिल्या म्हणे. मी रजा काढून मागून गेलो. बाबांची फाइल दोऱ्याने बांधलेली, पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका. अधिकाऱ्यांनी ती हातात घेतली, जाडी पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"कोंबड्या ठेवा," ते म्हणाले. "आमची हरकत नाही. प्रकरण बंद."

"पण माझा युक्तिवाद..." बाबा म्हणाले.

"तुम्ही जिंकलात, आजोबा."

सेक्रेटरींचीही हरकत उरली नव्हती. त्यांच्या घरी आता शिटीऐवजी साहेबांची बांग मोजत होते आणि हिशेब बरोबर येत होता.

जिंकून आलेला माणूस इतका हरलेला मी पाहिला नाही. बाबांनी शर्ट काढून त्याची घडी घातली. पंचिंग मशीन पुसलं, बॅगेत ठेवलं. वर टॅग, टाचण्यांची डबी, पट्टी. बॅग पुन्हा दारामागे गेली. जेवताना त्यांनी मीठ मागितलं.

मी मीठ दिलं, आणि मला स्वतःचा संताप आला. तोंड उघडून "बाबा, राहा" म्हणायला काय लागत होतं? पण चाळिशी उलटलेल्या माणसाला घराण्याची सवय मोडवत नाही. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात दावे बाजूला सारून एक अर्ज लिहिला. डाव्या हाताने. 'अमुक इमारतीत तळमजल्यावर एक कोंबडा आहे. तो फार ओरडतो. त्रास होतो. तरी कारवाई व्हावी. आपला, एक त्रस्त नागरिक.' स्वतःच्या कोंबड्याविरुद्ध, स्वतःच्या पत्त्याची तक्रार मी स्वतः पेटीत टाकली आणि घरी येताना चोर असल्यासारखा मागे वळून बघत आलो. बायको दारात होती. तीही जरा गोंधळलेली दिसली. मी विचारलं नाही. तिनेही नाही.

पुढचे दिवस माझे फार वाईट गेले. आधी फोन येतो की आधी नोटीस येते, अशी ती शर्यत होती. मी पोस्टमनला फाटकातच गाठू लागलो. तो मला चुकवून मागच्या बाजूने येऊ लागला. साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत की याला सगळं माहीत आहे असं वाटावं. आणि मग एका सकाळी आधी आला तो फोन. मीच उचलला. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, दुसरी खोली झाली आहे, दक्षिणेकडची आहे, हवा चांगली येते, आज संध्याकाळपर्यंत कळवा. मी "हो" म्हणून ठेवला. बाबा पाटावर बसून थोरल्या कोंबडीचा पाय धूत होते.

"तिकडचा होता ना?" ते म्हणाले.

"हो. आज कळवायचंय."

बाबांनी कोंबडीचं एकच बोट बराच वेळ धुतलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. निरीक्षक होते. हातात जाड लखोटा.

"पुन्हा यावं लागलं," ते ओशाळून म्हणाले. "तुमच्याविरुद्ध तीन तक्रारी आल्यात."

"तीन?" मी म्हणालो. माझ्या हिशेबाने एक असायला हवी होती.

निरीक्षकांनी कागद टेबलावर मांडले. पहिला माझा. लांबूनसुद्धा लाज वाटावी असा. दुसऱ्याचं अक्षर नीट होतं, पण त्यात लिहिलं होतं की कोंबड्यांची पिसं साबणदाणीत सापडतात आणि टॉवेलाला चिकटतात. आमची साबणदाणी बाहेरच्या माणसाने पाहण्याचं काही कारण नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती.

"या दोन निनावी आहेत," निरीक्षक म्हणाले. "निनावी अर्जाची आम्ही दखल घेत नाही. पण हा तिसरा. आमचे साहेब म्हणाले, असा अर्ज या कचेरीत आजवर आला नाही."

समास पट्टीने आखलेला. विषय, संदर्भ, मुद्दे, सोबत जोडलेले कागद. कुकरच्या शिट्यांचा मुद्दा सगळ्यात वर. कोपऱ्यात भोक पाडून हिरव्या दोऱ्याचा टॅग. गैरअर्जदार म्हणून, पक्ष्यांचा नोंदलेला पालक या नात्याने, माझं नाव. आणि खाली, पूर्ण नाव आणि पत्त्यासह, बाबांची सही.

बोळकांडीत वर कुठेतरी शिटी झाली आणि साहेबांनी बाथरूममधून उत्तर दिलं.

बाबांनी हात पुसले, टेबलाशी आले आणि माझा अर्ज बोटांच्या चिमटीत उचलला. "डाव्या हाताने लिहून काही होत नाही," ते म्हणाले. "निनावी अर्ज केराच्या टोपलीत जातो. इतकी वर्षं हेडक्लार्कच्या घरात राहून तुला एवढं कळू नये?" मग दुसरा उचलून म्हणाले, "सूनबाई, मुद्दे चांगले आहेत. सही हवी होती."

"चुकलं, बाबा," बायको म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

"बाबा, तुम्ही माझ्यावर केस केलीत," मी म्हणालो. मला हसूही येत होतं आणि दुसरंही काहीतरी.

"मग काय करणार? तुम्ही दोघं तोंड उघडाल तर शपथ." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुसायला त्यांना फार वेळ लागला. "आता याचं उत्तर तुला द्यावं लागेल. सात दिवसांत. तुला लिहिता येणार नाही, तेव्हा तेही मीच लिहीन. दोन्ही बाजू माझ्याकडे आल्या म्हणजे वर्ष कुठे गेलं नाही."

"राहा, बाबा," मी म्हणालो. एकदाचा म्हणालो.

बाबांनी दारामागची बॅग ओढली आणि उघडून पंचिंग मशीन काढलं. "त्या बाईंना फोन लाव. संध्याकाळपर्यंत थांबू नको, त्यांचा रकाना उगाच रिकामा राहील."

"काय सांगू?"

"सांग, लागू नाही."